रुग्णाला कॉल बेल वापरायला शिकवताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खाटेजवळ बेल असते, ती चालूही असते, आणि तरीही रुग्ण ती न वाजवता एकटाच उठतो आणि पडतो. अशा वेळी आपण म्हणतो, "सांगितलं होतं त्यांना." सांगितलेलं असतंच. पण बेल कधी, कशासाठी वाजवायची आणि वाजवल्यावर काय होईल हे रुग्णाला पटलेलं नसतं, किंवा बेल त्याच्या हाताला लागत नसते. परिचारिका, नर्सिंगचे विद्यार्थी आणि रुग्णाजवळ राहणारे नातेवाईक नेहमी विचारतात ते प्रश्न इथे घेतले आहेत.

बेल दाबल्यावर नेमकं काय होतं?

बहुतेक ठिकाणी खाटेपाशी वायरला जोडलेलं एक बटण असतं. ते दाबलं की खोलीच्या दारावरचा दिवा लागतो, नर्सिंग स्टेशनवरच्या पॅनेलवर खोलीचा किंवा खाटेचा क्रमांक दिसतो आणि टोन वाजतो. काही ठिकाणी स्पीकरवरून आधी "बोला, काय हवंय?" असं विचारलं जातं. साधारणपणे कुणीतरी खोलीत येऊन बंद करेपर्यंत दिवा तसाच राहतो. त्यामुळे बेल एकदाच वाजली आणि कुणी ऐकली नाही, तरी हाक पुसली जात नाही.

ही कल्पना जुनी आहे. १८५३ मध्ये लंडनच्या हार्ले स्ट्रीटवरच्या आजारी स्त्रियांच्या संस्थेची व्यवस्था हाती घेताना फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी अशा घंटा मागितल्या होत्या, ज्या वाजल्यावर एक झडप उघडेल आणि उघडीच राहील, म्हणजे कुणी बोलावलं ते परिचारिकेला नंतरही दिसेल. आजचा दारावरचा दिवा तेच काम करतो.

रुग्णाला हे थोडक्यात सांगा. बटणावरचा छोटा दिवा लागला म्हणजे हाक पोहोचली, हे कळलं की "वाजली की नाही कोण जाणे" ही धास्ती जाते आणि बटण पुन्हा पुन्हा दाबणंही थांबतं.

भरती करताना सांगितलं की पुरे नाही का?

नाही. भरतीच्या वेळी माणूस दुखण्यात असतो, घाबरलेला असतो, कागदांवर सह्या करत असतो. त्या गडबडीत सांगितलेल्या दहा गोष्टींपैकी बेल ही एक, आणि तीच आधी विसरली जाते. तेव्हा जरूर सांगा, पण तेवढ्यावर सोडू नका. ऑपरेशननंतर रुग्ण वॉर्डात परत आला की पुन्हा सांगा, कारण भूल उतरत असताना आधीचं काही आठवत नाही. वॉर्ड बदलला की सांगा, कारण बटण वेगळ्या प्रकारचं असू शकतं. झोपेचं किंवा लघवीचं नवं औषध सुरू झालं की सांगा. आणि रात्री दिवे मालवण्याआधी तर रोजच.

शिकवायची कशी?

बेल रुग्णाच्या हातात द्या आणि त्यालाच दाबायला लावा. तुम्ही दाबून दाखवणं आणि त्यानं स्वतः दाबणं यांत फार अंतर आहे. दिवा लागलेला दाखवा, टोन ऐकू द्या, शक्य असेल तर स्टेशनवरून उत्तर येईपर्यंत थांबा. आपण दाबल्यावर खरंच कुणीतरी बोलतं हे एकदा अनुभवलं की पुढच्या वेळी हात आपोआप तिकडे जातो. मग रुग्णाला आडवं होऊ द्या आणि बेलकडे न पाहता ती सापडते का ते बघा. रात्री त्याला ती अंधारातच शोधायची आहे.

यानंतर "समजलं ना?" असं विचारू नका. या प्रश्नावर सगळेच मान डोलावतात. त्याऐवजी म्हणा, "आजोबा, आता तुम्हाला बाथरूमला जावंसं वाटलं, तर काय कराल ते मला करून दाखवा." कुणी बेल हातात घेईल. कुणी शांतपणे पाय खाली सोडायला लागेल, आणि आपलं सांगणं पोहोचलंच नव्हतं हे त्याच क्षणी कळेल. मग न रागावता पुन्हा सांगायचं, वेगळ्या शब्दांत. "मी नीट सांगितलं का ते मला बघायचंय," असं म्हटलं तर रुग्णाला परीक्षा दिल्यासारखं वाटत नाही.

कारणही त्या रुग्णाचं हवं. "पडू नका" हे सगळ्यांसाठीचं वाक्य झालं. "तुमच्या पाठीत भूल दिली आहे, पाय अजून तुमचे ऐकणार नाहीत, म्हणून उठायच्या आधी बेल" हे फक्त त्याच्यासाठीचं वाक्य आहे, आणि ते लक्षात राहतं.

"सिस्टरला कशाला त्रास" म्हणून रुग्ण बेल वाजवतच नाहीत. त्यांना कसं समजवायचं?

माझ्या मते या सगळ्या विषयाचा गाभा हाच आहे. बटण दाबणं अवघड नसतं, मागणं अवघड असतं. आयुष्यभर दुसऱ्यांचं करत आलेल्या बाईला स्वतःसाठी कुणाला बोलावणं जड जातं. पुरुषाला शौचाला धरून नेणं अपमानाचं वाटतं. शेजारच्या खाटेवरचा माणूस जास्त आजारी आहे, मग आपण कशाला, असंही अनेकांना वाटतं.

"काही लागलं तर बेल दाबा" हे नेहमीचं वाक्य इथे उपयोगी पडत नाही. ते बोलावायचं की नाही हा निर्णय रुग्णावर सोडतं, आणि संकोची माणूस दर वेळी ठरवतो की एवढ्यासाठी नको. त्याऐवजी ठरलेली, स्पष्ट गोष्ट सांगा : "खाटेवरून पाय खाली ठेवण्याआधी बेल. मी येईपर्यंत बसून राहायचं." यात ठरवायला काही उरत नाही. आणखी एक वाक्य मदत करतं : "तुम्ही बोलावलंत तर मला दोन मिनिटं लागतील. तुम्ही पडलात तर तुमचं हाड मोडेल, आणि त्याचं मला फार वाईट वाटेल." हे खरं आहे, म्हणून ते मनापासून म्हणता येतं.

संकोच शरीराच्या गोष्टींचा असेल तर आपणच आधी विचारावं. बाईमाणूस हवं का? पडदा लावू का? बेडपॅन चालेल की धरून बाथरूमपर्यंत जायचं? हे शब्द आपण आधी उच्चारले की रुग्णाला ते उच्चारावे लागत नाहीत.

आणि बेल वाजल्यावर आत येणाऱ्याचा चेहरा. "आता काय झालं?" या एका वाक्यानं सकाळपासूनचं शिकवणं पुसलं जातं. रुग्ण पुन्हा बेलला हात लावत नाही आणि आपल्याला वाटतं की आज वॉर्ड शांत आहे.

कोणत्या गोष्टींसाठी क्षणभरही थांबू नये?

छातीत दुखणं किंवा दडपण, श्वास अपुरा पडणं, अचानक दरदरून घाम, डोळ्यांपुढे अंधारी. बोलताना जीभ जड होणं, एक हात किंवा पाय लुळा पडणं. टाक्यांतून किंवा ड्रेसिंगमधून रक्त येणं. सलाईनच्या जागी सूज, जळजळ किंवा गळती. मधुमेहाच्या रुग्णाला थरथर, घाम आणि काहीच सुचेनासं होणं. औषध किंवा इंजेक्शन दिल्यावर अंगावर गांधी उठणं, खाज, घसा आवळल्यासारखा वाटणं.

रक्त चढवताना थंडी वाजणं, ताप, कंबर किंवा छाती दुखणं, खाज किंवा "काहीतरी बिघडतंय" अशी नुसती भावना एवढंही बेल वाजवायला पुरेसं आहे. पहिली १५ मिनिटं विशेष जपायची असतात, म्हणून रक्ताची पिशवी लावताना बेल रुग्णाच्या हातात आहे ना हे पाहूनच पुढे जा.

दुखणं असह्य होईपर्यंत रुग्णानं वाट पाहू नये, हेही सांगा. वेदना वाढत असतानाच औषध दिलं तर ती लवकर आटोक्यात येते.

पाणी, चष्मा, पांघरूण असल्या कामांसाठी वाजवली तर चालते का?

चालते, आणि वाजवायलाच हवी. खाली पडलेला चष्मा किंवा लांब सरकलेला मोबाइल घ्यायला वाकताना रुग्ण खाटेवरून खाली येतात.

"मी घरी धडधाकट चालतो, मग इथे उठायला बेल कशाला?"

रुग्णाचा हा प्रश्न रास्त आहे आणि त्याला खरं उत्तर मिळायला हवं. फार वेळ आडवं राहिल्यावर उभं राहिलं की रक्त पायांकडे उतरतं. शरीर एरवी ते क्षणात सावरतं. पण रक्तदाबाची, लघवी वाढवणारी किंवा वेदनाशामक औषधं चालू असतील, पोटात अन्नपाणी कमी गेलं असेल, रक्तस्राव झाला असेल, तर सावरायला उशीर होतो. उभं राहिल्यावर ३ मिनिटांच्या आत वरचा रक्तदाब २० किंवा खालचा १० अंकांनी उतरला, तर डॉक्टर त्याला उभं राहताना होणारी रक्तदाबाची घट म्हणतात. रुग्णाला ती चक्कर म्हणून जाणवते, आणि काहींना तर काहीच न जाणवता पाय जातात.

त्यात सलाईनचा स्टँड, कॅथेटरची पिशवी, अनोळखी खोली, घरच्यापेक्षा उंच खाट. म्हणून आधी बेल, मग खाटेच्या कडेला थोडा वेळ बसणं, आणि माणूस आल्यावर उभं राहणं. बसल्या जागी पाय हलवत राहायला सांगा.

रात्री आणि पहाटे लघवीसाठी घाईनं उठणं ही पडण्याची नेहमीची वेळ. "फार जोराची लागेपर्यंत थांबू नका, जराशी वाटली की लगेच बेल दाबा," हे वेगळं सांगावं लागतं. घाई झालेला माणूस कुणाचीच वाट पाहत नाही.

बेल कुठे ठेवायची?

ज्या हातात ताकद आहे त्या हाताजवळ. पक्षाघाताच्या रुग्णाची बेल कमजोर बाजूला पडलेली असेल तर ती नसल्यासारखीच आहे. मेंदूच्या उजव्या भागाला इजा झालेल्या काही रुग्णांना तर डाव्या बाजूचं भानच राहत नाही; डोळे चांगले असूनही तिकडची वस्तू त्यांच्या लेखी नसते. त्यांची बेल उजवीकडेच हवी. सलाईन ज्या हाताला आहे त्या हातालाही ताण न पडता पोहोचता यायला हवं.

वायरची क्लिप चादरीला किंवा उशीच्या खोळीला लावा, म्हणजे कूस बदलताना बटण खाली घरंगळत नाही. आणि सगळ्यांत जास्त वेळा होणारी चूक : रुग्णाला खुर्चीत बसवलं जातं आणि बेल खाटेवरच राहते. एक्स-रेहून परत आल्यावर, फिजिओथेरपीनंतर, चादर बदलल्यावर, ड्रेसिंग झाल्यावर, जो कुणी खाटेपासून दूर जाईल त्यानं "बेल हाताशी आहे ना?" एवढं विचारून, ती खरंच हाताला लागते का ते बघून मगच निघावं. सफाई करणाऱ्या मावशींपासून मोठ्या डॉक्टरांपर्यंत सगळ्यांनी.

रुग्ण बटणांमध्ये गोंधळतात. काय करावं?

गोंधळ होणारच. खाट वरखाली करायचा रिमोट, टीव्हीचा रिमोट, दिव्याचं बटण आणि बेल, सगळी एका जागी असतात. सगळ्यांत जपायचा गोंधळ वेगळाच आहे. ऑपरेशननंतर काही रुग्णांना वेदनाशामकाचा पंप देतात, त्याचंही बटण वायरला लटकलेलं असतं आणि दिसायला थेट बेलसारखं. रुग्ण सिस्टरला बोलवायला म्हणून ते दाबतो, कुणी येत नाही, म्हणून पुन्हा दाबतो. पंपाला मर्यादा बसवलेली असते, तरी हे व्हायला नको. दोन्ही बटणं दोन बाजूंना ठेवा, बेलवर ठळक रंगाची पट्टी लावा आणि रुग्णाला दोन्ही ओळखून दाखवायला सांगा. पंपाचं बटण फक्त रुग्णानंच दाबायचं असतं. तो झोपलेला असताना "त्यांना दुखू नये" म्हणून नातेवाइकांनी ते दाबलं, तर श्वास मंदावण्याचा धोका असतो. बेल मात्र नातेवाइकांनी खुशाल दाबावी.

बाथरूममधली दोरी कशासाठी?

मदतीसाठी. ती जमिनीजवळपर्यंत लोंबत असते, कारण पडलेल्या माणसाच्या हाताला ती तिथेच लागते. पायात येते म्हणून कुणीतरी ती वर गुंडाळून बांधतं, आणि मग ती असून नसल्यासारखी होते. बांधलेली दिसली की सोडा. रुग्णाला पहिल्यांदा बाथरूममध्ये नेताना दोरी ओढून दाखवा, आणि सांगा की झाल्यावर स्वतः उठायचं नाही, ही ओढायची. नेलं जातं धरून. परत येताना मात्र "एवढंच तर अंतर आहे" म्हणून रुग्ण एकटे निघतात.

बोटांत बटण दाबण्याइतकी ताकद नसेल तर?

त्यासाठी वेगळी साधनं आहेत. नुसत्या स्पर्शानं किंवा हलक्या दाबानं चालणारी चपटी गादी मिळते. ती हाताच्या मागच्या बाजूनं, कोपरानं किंवा गालानंही दाबता येते. मुठीत दाबायचा रबरी फुगा असतो. एमआरआयच्या यंत्रात जाताना रुग्णाच्या हातात देतात तसाच. मानेखालचं शरीर हलत नसेल तर नळीत फुंकर मारून चालणारी बेलही असते. आपल्या विभागात यांपैकी काय आहे ते आधीच माहीत करून घ्या, रुग्ण दाखल झाल्यावर शोधाशोध नको. आणि दर ड्युटीला पुन्हा तपासा : सकाळी जमलेलं संध्याकाळी थकल्यावर जमेलच असं नाही.

बोलता, ऐकता किंवा पाहता न येणाऱ्या रुग्णांचं काय?

घशाला छिद्र पाडून नळी बसवलेला रुग्ण बेल वाजवू शकतो, पण स्पीकरवर उत्तर देऊ शकत नाही. तिकडून "बोला" म्हणतात, इकडे शांतता, आणि चुकून दाबली असेल असं समजून बेल बंद होते. अशा रुग्णाच्या खाटेच्या क्रमांकापुढे स्टेशनवर ठळक लिहून ठेवा : "बोलू शकत नाही, प्रत्यक्ष जावे." ऐकू न येणाऱ्यांसाठी आणि पक्षाघातानं भाषा गेलेल्यांसाठीही हेच. त्यांच्याजवळ वेदना, शौच, पाणी, श्वास अशी चित्रं असलेला कागद ठेवला तर आल्यावर वेळ जात नाही.

दिसत नसेल तर बटणावर चिकटपट्टीचा उंचवटा करा, रुग्णाचा हात धरून वायरवरून बटणापर्यंत न्या, आणि बेलची जागा बदलू नका.

रुग्णाला विस्मरण आहे किंवा तो भ्रमात आहे. त्याला शिकवून उपयोग होतो का?

काहींना होतो. छोटं वाक्य, तेच शब्द, नजरेसमोर मोठ्या अक्षरांत "उठण्याआधी बेल दाबा" आणि बटणाचं चित्र. पण शिकवलं म्हणजे जबाबदारी संपली असं इथे मुळीच धरू नका. ज्याला आपण रुग्णालयात आहोत हेच आठवत नाही, त्याला बेल आठवेल अशी अपेक्षा ठेवणं त्याच्यावर अन्याय आहे. त्याची खाट स्टेशनजवळ घ्या, फेऱ्या वाढवा, ठरावीक वेळानं स्वतःहून बाथरूमला न्या, खाट खाली करून ठेवा, असेल तर खाटेचा अलार्म लावा आणि घरच्यांना सोबत बसू द्या.

नातेवाईक चोवीस तास जवळ आहेत. मग बेल कशाला?

नातेवाईकही दमतात, झोपतात, औषध आणायला जातात. आणि रुग्णाला एकट्यानं उचलायला जातात, मग दोघं पडतात. त्यांनाही बेल रुग्णाइतकीच नीट शिकवा. रुग्ण घाबराघुबरा झाला की नातेवाईक आधी स्टेशनकडे धावत सुटतात आणि रुग्ण एकटा राहतो. आधी बेल दाबायची, रुग्णाजवळ थांबायचं, मोठ्यानं हाक मारायची.

बेल दाबली आणि कुणीच आलं नाही तर?

पुन्हा दाबा. उठू नका. जीव घाबरण्यासारखं काही असेल तर जोरात हाक मारा, शेजारच्या रुग्णाला त्याची बेल दाबायला सांगा. असं वारंवार होत असेल तर वॉर्डच्या इन्चार्ज सिस्टरना सांगा. ही तक्रार नव्हे, त्यांना कळायलाच हवी अशी माहिती आहे.

आपल्या बाजूनं सांगायचं तर, न येणाऱ्या उत्तराची भरपाई कितीही शिकवून होत नाही. हातातलं काम सोडता येत नसेल तर कुणाकरवी तरी निरोप पाठवा, आणि "पाच मिनिटांत येते" म्हटलं तर पाच मिनिटांतच जा. काही रुग्णालयांत नियमच असतो की पेटलेल्या दिव्यापुढून कुणीही तसंच निघून जायचं नाही, मग रुग्ण आपला असो वा नसो. पाणी देणं, बेल हातात ठेवणं, नर्सला बोलावणं हे कुणालाही जमतं. रुग्णाला उठवणं किंवा काही खायला देणं मात्र त्याची परिस्थिती माहीत असलेल्यानंच करावं.

एक रुग्ण दर पाच मिनिटांनी बेल वाजवतो. काय करायचं?

काहीही झालं तरी बेल त्याच्या हातापासून दूर ठेवायची नाही. सतत वाजणाऱ्या बेलमागे बहुधा भीती असते, न सांगितलेली वेदना असते, किंवा आधी न मिळालेलं उत्तर असतं. शांतपणे बसून विचारा, "कशाची काळजी वाटतेय?" मग जाताना पुढच्या फेरीची वेळ सांगा आणि ती पाळा.

बोलावण्याआधीच जाण्याचा फायदा मोजलेला आहे. २००६ मध्ये 'अमेरिकन जर्नल ऑफ नर्सिंग'मध्ये आलेल्या एका अभ्यासात दर तासाला ठरवून फेरी मारणाऱ्या वॉर्डांत बेलचा वापर सुमारे ३८ टक्क्यांनी घटला आणि रुग्ण पडण्याचं प्रमाणही उतरलं. फेरीत चार गोष्टी पाहायच्या : दुखतंय का, बाथरूमला जायचंय का, कूस बदलायची का, लागणाऱ्या वस्तू हाताशी आहेत का. बेल या शेवटच्यात आलीच.

बेल नादुरुस्त असेल किंवा वॉर्डात बेलच नसेल तर?

लगेच कळवा आणि दुरुस्त होईपर्यंत दुसरी सोय करा. हातानं वाजवायची साधी घंटाही चालते. पडण्याचा धोका असलेला रुग्ण नजरेसमोरच्या खाटेवर घ्या. काहीच नसेल तर फेऱ्यांच्या वेळा ठरवून रुग्णाला सांगा, कारण कुणीतरी केव्हा येणार हे माहीत असलेला माणूस थांबू शकतो.

लहान मुलांना शिकवावी का?

सांगितलेलं समजणाऱ्या मुलाला जरूर. ती खेळ म्हणून दोनचार वेळा वाजवतील, वाजवू द्या. त्याहून लहान मुलांच्या बाबतीत आईवडिलांना शिकवा.

बटण पुसायचं कुणी?

दिवसभर हात लागणारी ही वस्तू आहे, म्हणून खाटेच्या कठड्यांबरोबर रोज, आणि रुग्ण बदलताना न चुकता, वायरसकट निर्जंतुक पुसणीनं पुसायची. पुसल्यानंतर एकदा दाबून पाहायची.

शिकवल्याची नोंद करायची का?

करायची, पण "बेलविषयी माहिती दिली" एवढ्यानं पुढच्या ड्युटीवाल्याला काहीच कळत नाही. रुग्णानं काय केलं ते लिहा : "बेल उजव्या हातानं स्वतः दाबून दाखवली. उठण्याआधी बेल वाजवायची हे स्वतःच्या शब्दांत सांगितलं. बाथरूममधली दोरी अजून दाखवलेली नाही. संध्याकाळी झोपेच्या गोळीआधी पुन्हा विचारावं." हॅन्डओव्हर देतानाही हेच तोंडी सांगा, शक्यतो रुग्णाच्या खाटेपाशी उभं राहून, म्हणजे बेल कुठे आहे ते दोघींनाही दिसेल.